छेदनबिंदू दिसत नसतो

शाळेच्या भूमितीत अगदी सुरुवातीला एक विधान येते: दोन भिन्न रेषा परस्परांना छेदत असतील, तर त्या एकाच बिंदूत छेदतात. शिक्षक फळ्यावर फुली काढतात, मधोमध ठिपका देतात आणि वर्ग पुढे सरकतो. कुणी प्रश्न विचारत नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे असे कुणालाच वाटत नाही. रेषा तिरक्या असतील तर भेटतात, समांतर असतील तर भेटत नाहीत. डोळ्यांना दिसते ते पुन्हा सिद्ध कशाला करायचे? चांगली शिकलेली माणसेही हीच समजूत आयुष्यभर बाळगून असतात.

ही समजूत उथळ आहे आणि तिच्यामुळे आपल्या मुलांचे मोठे नुकसान होते, असे मला वाटते. दोन रेषांचे छेदन ही नुसती पाहण्याची गोष्ट नाही. ते काही ठिकाणी सिद्ध करावे लागते, काही ठिकाणी गृहीत धरावे लागते, आणि यातले काय सिद्ध करता येते व काय गृहीत धरावे लागते हे ठरायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. ते ठरता ठरता अवकाशाविषयीच्या आपल्या कल्पना मुळापासून बदलल्या. ज्या फुलीवरून आपण मिनिटभरात पुढे जातो, तिच्यात हे सगळे आहे.

एका फुलीत तीन प्रश्न

फुलीत तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला: दोन भिन्न रेषांना जास्तीत जास्त किती बिंदू सामाईक असू शकतात? दुसरा: निदान एक तरी सामाईक बिंदू असतोच का? तिसरा: असेल तर तो कुठे असतो, त्रिकोणाच्या आत की बाहेर, कागदावर की कागदापलीकडे? किती, आहे का, आणि कुठे. शाळेत हे तिन्ही प्रश्न एका ठिपक्याखाली झाकले जातात. प्रत्यक्षात पहिल्याचे उत्तर चार ओळींत मिळते, दुसऱ्यासाठी भूमितीचा पाया नव्याने घालावा लागला, आणि तिसऱ्याकडे दुर्लक्ष केले तर अचूक वाटणारी सिद्धता धडधडीत खोटा निष्कर्ष हातात ठेवते.

पहिला प्रश्न आधी संपवतो. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, एवढे मान्य करा. आता समजा, दोन भिन्न रेषांना दोन बिंदू सामाईक आहेत. मग त्या दोन बिंदूंतून दोन रेषा गेल्या, आणि हे मान्य केलेल्या गोष्टीच्या विरुद्ध झाले. म्हणून सामाईक बिंदू एकापेक्षा जास्त असू शकत नाहीत. अप्रत्यक्ष सिद्धतेचे इतके छोटे आणि स्वच्छ उदाहरण शालेय गणितात क्वचितच सापडेल. पण ही सिद्धता काय सांगत नाही, तेही पाहायला हवे. एकापेक्षा जास्त नाही, असे ती म्हणते. एक आहे, असे ती कुठेही म्हणत नाही.

ओलांडणे म्हणजे भेटणे नव्हे

एक आहे हे तर दिसतेच, असे उत्तर यावर मिळते. काय दिसते ते तपासू. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरू. दोन रेघा काटकोनात छेदल्या, तर त्यांचा सामाईक भाग हा एक बारीक चौरस असतो आणि त्याचा कर्ण सुमारे ०.७ मिलिमीटर भरतो. रेघांमधला कोन ५ अंशांवर आणा. सामाईक भाग आता लांबट समभुज चौकोन होतो आणि त्याचा मोठा कर्ण जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर होतो. कोन १ अंश केला तर तोच कर्ण ५७ मिलिमीटरांवर जातो. कंपासपेटी उघडून कुणीही हे करून पाहावे. एवढ्या लांब पट्ट्यात बिंदू नेमका कुठे आहे, हे डोळा सांगू शकत नाही. कागदावर दिसतो तो डाग. बिंदू त्यात आपण मनाने ठेवतो.

यावर कुणी म्हणेल की हा पेन्सिलीचा दोष आहे, रेषेला जाडी नसते. मान्य. जाडीचा प्रश्न बाजूला ठेवू आणि बुद्धिबळाचा पट घेऊ. त्याची ६४ घरे हेच आपले बिंदू, त्यांखेरीज दुसरा बिंदू नाही. पांढऱ्या बाजूने पाहिले तर डाव्या हाताच्या कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यात जाणारा मोठा कर्ण सगळा काळ्या घरांचा असतो आणि उजव्या कोपऱ्यातून निघणारा सगळा पांढऱ्या घरांचा. दोन्ही सरळ आहेत, आणि पटाच्या मध्यावर ते एकमेकांना उघडउघड ओलांडतात. त्यांचे सामाईक घर कोणते? एकही नाही. एका कर्णावरचा उंट आणि दुसऱ्या कर्णावरचा उंट कितीही येरझारा घालोत, त्यांची एका घरात गाठ पडायची नाही.

एक रेषा दुसरीच्या अलीकडून पलीकडे गेली, एवढ्यावरून दोघींना सामाईक बिंदू आहे असे ठरत नाही, हे यातून दिसते. तसे ठरायला प्रतलात फट नसावी लागते, आणि फट नाही हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत नोंदवावे लागते.

युक्लिडने ते नोंदवले नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथातले पहिलेच प्रमेय समभुज त्रिकोण रचण्याचे आहे. रेषाखंडाची दोन्ही टोके केंद्र धरून, रेषाखंडाएवढ्याच त्रिज्येची दोन वर्तुळे काढायची. ती जिथे छेदतात तो त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू. पण ती छेदतात कशावरून? त्याच्या पाच गृहीतकांपैकी एकही हे सांगत नाही. रेषाखंडाची लांबी १ धरली तर तिसरा शिरोबिंदू पायापासून √३/२ उंचीवर येतो आणि ही संख्या अपरिमेय आहे. ज्या प्रतलात फक्त परिमेय निर्देशकांचे बिंदू आहेत, तिथे ही दोन वर्तुळे एकाही सामाईक बिंदूशिवाय एकमेकांना ओलांडतात, पटावरच्या कर्णांसारखीच. म्हणजे तर्कशुद्धतेचा आदर्श मानल्या गेलेल्या ग्रंथाच्या पहिल्या प्रमेयातच छेदनबिंदू डोळ्यांवर विश्वास ठेवून घेतला गेला होता.

ही उणीव भरून निघायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८८२ मध्ये मॉरिट्झ पाश या जर्मन गणितज्ञाने एक गृहीतक मांडले: त्रिकोणाच्या प्रतलातली एखादी रेषा कोणत्याही शिरोबिंदूतून न जाता त्रिकोणाच्या एका बाजूला छेदत असेल, तर ती उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीला छेदतेच. शेंबड्या पोरालाही पटेल असे हे वाक्य आहे, पण युक्लिडच्या गृहीतकांतून ते काढता येत नाही. ते वेगळेच मांडावे लागते. १८९९ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांनी भूमितीची नव्याने उभारणी केली, तेव्हा बिंदूंच्या क्रमाची आणि सातत्याची गृहीतके स्वतंत्रपणे लिहिली. आत आणि बाहेर, मध्ये आणि पलीकडे हे शब्द तोवर भूमितीत आकृतीच्या भरवशावर वापरले जात होते.

आता आपल्या पाठ्यपुस्तकातली सिद्धता पाहा. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, या प्रमेयात कर्णांच्या छेदनबिंदूला नाव देऊनच सुरुवात होते. मध्यगांच्या प्रमेयातही दोन मध्यगा एका बिंदूत छेदतात असे धरून पुढे जातात. तो बिंदू आला कुठून? पाशच्या गृहीतकातून तो मिळवता येतो, पण मिळवावा लागतो. नववीच्या मुलाला ती सगळी सिद्धता द्यावी, असे मी म्हणत नाही. इथे आपण काहीतरी धरून चाललो आहोत, एवढे एक वाक्य ऐकण्याचा मात्र त्याचा हक्क आहे.

कुठे, हे चुकले तर

या सगळ्याने काय बिघडते, हे एका प्रसिद्ध चकव्यावरून कळते. त्रिकोण अबक घ्या. अब आणि अक या बाजू असमान आहेत. कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक प बिंदूत छेदतात. प मधून अब वर पम आणि अक वर पन हे लंब टाका. त्रिकोण अमप आणि अनप कोकोबा कसोटीने एकरूप: अ जवळचे कोन समान, दोन काटकोन, आणि अप सामाईक. म्हणून अम = अन आणि पम = पन. प हा लंबदुभाजकावर आहे, म्हणून पब = पक. मग त्रिकोण पमब आणि पनक कर्णभुजा कसोटीने एकरूप, म्हणून मब = नक. बेरीज करा: अम + मब = अन + नक, म्हणजे अब = अक. प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो!

एकही कसोटी चुकीची लावलेली नाही. लांबींच्या चारही समानता खऱ्या आहेत. दहावीतल्या हुशार मुलांसमोर ही सिद्धता ठेवली तर ती एकेक पायरी पुन्हा पुन्हा तपासतात आणि दोष सापडत नाही म्हणून अस्वस्थ होतात. दोष पायऱ्यांत नाही, आकृतीत आहे. आकृती काढताना प त्रिकोणाच्या आत दाखवलेला असतो, आणि तो आत कधीच नसतो. त्रिकोणाच्या परिवर्तुळावर ब आणि क यांना जोडणारा, अ च्या समोरचा जो कंस आहे, त्याचा मध्यबिंदू घ्या. तो ब आणि क पासून समान अंतरावर असतो, म्हणून लंबदुभाजकावर असतो. समान कंसांवरचे अंतर्लिखित कोन समान असतात, म्हणून तो कोनदुभाजकावरही असतो. दोन भिन्न रेषांना एकच सामाईक बिंदू असू शकतो, हे आपण सिद्ध केलेच आहे. तेव्हा प म्हणजे तोच बिंदू, आणि तो त्रिकोणाबाहेर आहे. चार ओळींत संपवलेला पहिला प्रश्न इथे कामाला येतो.

आकडे घालून पाहिले की गाठ सुटते. अब = ८ आणि अक = ५ असेल तर अम = अन = ६.५ आणि मब = नक = १.५ येतात. म हा अब वर पडतो, पण न हा अक च्या वाढवलेल्या भागावर पडतो. म्हणून ८ = ६.५ + १.५, पण ५ = ६.५ − १.५. एका ठिकाणी बेरीज आणि दुसऱ्या ठिकाणी वजाबाकी, एवढाच फरक. आणि तो पूर्णपणे छेदनबिंदू कुठे आहे यावर अवलंबून आहे. हा चकवा शाळेत गंमत म्हणून दाखवतात. मला तो गमतीचा वाटत नाही. एकरूपतेच्या सगळ्या कसोट्या येत असूनही माणूस खोटे सिद्ध करू शकतो, हे तो दाखवतो.

पाचवे गृहीतक हे छेदनाचेच गृहीतक

आता दुसऱ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. युक्लिडची पहिली चार गृहीतके आटोपशीर आहेत. पाचवे लांबलचक आहे: एका छेदिकेने दोन रेषांना छेदले आणि तिच्या एका बाजूच्या दोन आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या रेषा वाढवत नेल्यावर त्याच बाजूला एकमेकींना छेदतात. जगभर हे समांतर रेषांचे गृहीतक म्हणून ओळखले जाते. पण ते न भेटणाऱ्या रेषांविषयी काहीच बोलत नाही. अमुक परिस्थितीत छेदनबिंदू असतोच, अशी हमी ते देते.

हमी किती मोठी आहे ते पाहा. वहीवर १० सेंटिमीटर लांबीची छेदिका काढा. एक आंतरकोन बरोबर ९० अंश, दुसरा ९० अंशांना एक सेकंद कमी, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाने कमी. या रेषा भेटतात, असे गृहीतक सांगते. कुठे? सुमारे २० किलोमीटर ६०० मीटरांवर. वही शनिवारवाड्यात उघडली असेल, तर छेदनबिंदू साधारण सिंहगडाइतका लांब पडला. कोन आणखी थोडा वाढवा आणि तो पृथ्वीच्याही बाहेर जाईल. हे कुणाच्या डोळ्याने पाहिले? बाकीच्या गृहीतकांची खात्री हाताच्या अंतरावर पटते. हे एक मात्र वाटेल तितक्या दूरच्या गोष्टीची हमी देते.

युक्लिडलाही त्याचा संकोच वाटला असावा. पहिली २८ प्रमेये त्याने पाचव्या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली आणि २९ व्या प्रमेयात ते प्रथम वापरले. ही सीमारेषा आपल्या मुलांच्या रोजच्या अभ्यासातून जाते. व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर असतात, ही कसोटी. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान असतात, हा गुणधर्म. परीक्षेसाठी दोन्ही एका दमात पाठ होतात, एकच गोष्ट उलटसुलट म्हटल्यासारखी. वस्तुतः कसोटी पाचव्या गृहीतकाशिवाय सिद्ध होते, आणि गुणधर्म त्याच्यावाचून सिद्ध होऊच शकत नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, समरूप त्रिकोण, पायथागोरसचे प्रमेय, हे सगळे त्या गुणधर्माच्या बाजूला आहे. शालेय भूमितीतला हा सर्वांत मोठा उंबरठा आहे, आणि तो ओलांडल्याचे मुलांना कुणी सांगत नाही.

पुढच्या शतकांतल्या गणितज्ञांना हे गृहीतक प्रमेय असावेसे वाटत होते. पाचव्या शतकात प्रोक्लसने लक्षात आणून दिले की जवळ जवळ येत जाणे म्हणजे भेटणे नव्हे. अपास्त हा वक्र त्याच्या अनंतस्पर्शिकेच्या सतत जवळ जातो आणि तिला कधीच मिळत नाही. मग सरळ रेषाच का भेटाव्यात? रुबायांचा कवी म्हणून आपल्याला ठाऊक असलेला उमर खय्याम, त्याच्यानंतर नासिरुद्दीन तुसी, १७३३ मध्ये जेरोलामो साक्केरी, सगळ्यांनी या प्रश्नाशी झुंज दिली. १७९५ मध्ये जॉन प्लेफेअर यांनी आज शाळेत शिकवले जाणारे रूप लोकप्रिय केले: रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. रूप सुटसुटीत झाले, सिद्धता मिळाली नाही.

ती मिळणारच नव्हती. १८२९ मध्ये कझानला निकोलाय लोबाचेव्हस्की यांनी आणि १८३२ मध्ये हंगेरीच्या यानोश बोयाई यांनी अशी भूमिती प्रसिद्ध केली, जिच्यात बाहेरच्या बिंदूतून दिलेल्या रेषेला न छेदणाऱ्या अनेक रेषा जातात. १८६८ मध्ये इटलीच्या एउजेनिओ बेल्त्रामी यांनी ती वर्तुळात मांडून दाखवली. हे कुणालाही वहीत करता येते. एक वर्तुळ काढा. त्याच्या आतला भाग म्हणजे संपूर्ण जग, आणि वर्तुळाच्या जीवा म्हणजे रेषा, परीघ जगाबाहेर. एक जीवा काढा आणि तिच्या बाहेर एक बिंदू घ्या. त्या बिंदूतून पहिल्या जीवेला न छेदणाऱ्या किती जीवा काढता येतात? हव्या तितक्या. अंतर मोजण्याची रीत अशी ठरवता येते की परीघ अनंत दूर राहतो आणि युक्लिडची पहिली चारही गृहीतके जशीच्या तशी लागू होतात. फक्त पाचवे लागू होत नाही. चार गृहीतकांतून पाचवे निघत असते तर असे जग उभेच राहिले नसते. तिरक्या रेषा भेटतात, हे वाक्य म्हणजे आपण केलेली निवड आहे.

समांतर असणे हा रेषेचा स्वभाव नाही

यावरून एक गोष्ट ओघानेच येते. दोन रेषा भेटतात की नाही, हे त्या रेषांवर कमी आणि त्या कोणत्या अवकाशात आहेत यावर जास्त अवलंबून असते. खोलीच्या छताची एक कड आणि समोरच्या भिंतीची जमिनीपासून छतापर्यंतची उभी कड पाहा: समांतर नाहीत आणि भेटतही नाहीत, कारण त्या एका प्रतलात नाहीत. गोलावर रेषेची जागा बृहद्वृत्ते घेतात. पृथ्वीवरची रेखावृत्ते विषुववृत्ताशी काटकोन करून निघतात आणि तरीही दोन्ही ध्रुवांवर एकत्र येतात. तिथे समांतर रेषाच नाहीत, आणि सामाईक बिंदू दोन आहेत. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे पहिले गृहीतकच समोरासमोरच्या बिंदूंना लागू होत नाही. १८५४ मध्ये बर्नहार्ड रीमान यांनी वक्र पृष्ठांच्या या कल्पना कोणत्याही अवकाशाला लावता येतील असे दाखवले, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत त्यांच्याच भाषेत लिहिला.

उलट दिशेनेही जाता येते. १६३९ मध्ये जेरार देझार्ग या फ्रेंच वास्तुविशारदाने परस्परांना समांतर असलेल्या सर्व रेषांना मिळून एक अनंतस्थ बिंदू बहाल केला. प्रत्येक दिशेला एक, आणि हे सगळे बिंदू एका अनंतस्थ रेषेवर. मग अपवादच उरत नाही: दोन भिन्न रेषा नेहमी एकाच बिंदूत छेदतात, जशी दोन भिन्न बिंदूंतून नेहमी एकच रेषा जाते. दोन्ही विधाने एकमेकांची प्रतिबिंबे होतात. चित्रकारांचा यथार्थदर्शनाचा अनुभव, म्हणजे समांतर रेषा दूरवर एकत्र येताना दिसणे, गणितात असा उतरला.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप शिक्षकांचा असतो: हे मुलांना झेपणार नाही. हिल्बर्टची गृहीतके झेपणार नाहीत, हे खरे. पण पटावरचे दोन कर्ण पाचवीतल्या मुलाला समजतात आणि वर्तुळातल्या जीवा आठवीतल्या. मुलांना सिद्धतेआधी प्रश्न मिळायला हवा. आज आपण उत्तर देतो आणि प्रश्न दडवतो, आणि मग भूमिती रटाळ वाटते म्हणून मुलांनाच बोल लावतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. दहावीत एकसामयिक समीकरणे येतात, क्रेमरची पद्धत येते. निश्चयक शून्य नसेल तर छेदनबिंदू एकच, शून्य असेल तर एकही नाही किंवा रेषा एकच. बीजगणिताने सगळे निकालात काढले, मग गृहीतकांचा घोळ कशाला? कारण बीजगणितात तोच प्रश्न दुसऱ्या वेषात हजर असतो. बिंदू म्हणजे संख्यांची जोडी आणि रेषा म्हणजे पहिल्या घाताचे समीकरण, असे म्हणताक्षणी पाचवे गृहीतक आपण आत घेतलेले असते; तिथे प्लेफेअरचे विधान सरळ गणिताने सिद्ध होते, म्हणून त्या गणिताने त्याचे समर्थन करता येत नाही. शिवाय संख्या कोणत्या? क्ष = य आणि क्ष + य = १ या रेषा (१/२, १/२) मध्ये छेदतात. फक्त पूर्णांक घेतले तर तो बिंदूच नाही, आणि बुद्धिबळाच्या पटावर नेमके हेच घडले होते. क्रेमरच्या सूत्रात शेवटी निश्चयकाने भागावे लागते. भागाकार करता येतो तिथे रेषा भेटतात. वर्तुळे भेटायला वर्गमुळेही लागतात. रेषेचे छेदन आणि वर्तुळाचे छेदन यांतला हा फरक सुंदर आहे, आणि आपल्याकडे दोन्ही प्रकरणे शिकूनही तो मुलांच्या हाती लागत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: घर बांधणाऱ्याला याचे काय? मोजणी करणाऱ्यांना विचारा. १८०२ मध्ये भारतात विल्यम लॅम्ब्टन यांनी सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण दृष्टिरेषांच्या छेदनावरच उभे होते, आणि ३० अंशांपेक्षा लहान कोन टाळावा हा मोजणीतला जुना दंडक आहे. कारण साधे आहे. क्ष + य = २ आणि क्ष + १.००१ य = २.००१ या रेषा (१, १) मध्ये छेदतात. शेवटचा आकडा २.००२ करा, छेदनबिंदू उडी मारून (०, २) वर जातो. हजारांशाची चूक, आणि बिंदू कुठल्या कुठे.

भास्कराचार्यांचे दोन बांबू

कुठे, या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत देखणे उत्तर ११५० मधल्या 'लीलावती'त आहे. भास्कराचार्यांचे नाव चाळीसगावजवळच्या पाटणशी जोडले गेलेले आहे; त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथेच आहे. उदाहरण असे: १५ आणि १० हात उंचीचे दोन बांबू सपाट जमिनीवर उभे आहेत. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुडापर्यंत दोरी ताणली आहे. दोऱ्या जिथे छेदतात, तो बिंदू जमिनीपासून किती उंच? बांबूंमधले अंतर दिलेले नाही.

अंतर न देता उत्तर कसे काढणार, असे प्रथम वाटते. पण उंचींचा गुणाकार भागिले उंचींची बेरीज, म्हणजे १५० भागिले २५. उत्तर ६ हात. बांबूंमधली जमीन ५ हात धरली तर छेदनबिंदूतून जमिनीवर टाकलेल्या लंबाचा पाया मोठ्या बांबूपासून ३ आणि लहानापासून २ हातांवर येतो. १० हात धरली तर ६ आणि ४ हातांवर. उंची मात्र ६ हातच. बांबू एकमेकांपासून कोसभर दूर नेले तरी दोऱ्या ६ हातांवरच छेदतील. कारण समरूप त्रिकोणांत आहे: लंबाने जमिनीचे दोन भाग केले, तर एका दोरीवरून लंब भागिले १५ हा एका भागाचा जमिनीशी असलेला वाटा, दुसऱ्या दोरीवरून लंब भागिले १० हा दुसऱ्या भागाचा, दोन्ही वाट्यांची बेरीज १. जमिनीची लांबी समीकरणातून निघून जाते.

इतके साधे उत्तर मिळाले ते त्रिकोणांच्या समरूपतेमुळे. आणि आकार तोच पण माप वेगळे, असे दोन त्रिकोण असू शकतात हे म्हणणे म्हणजे पाचवे गृहीतकच मान्य करणे आहे. सतराव्या शतकात जॉन वॉलिस यांनी ते दाखवून दिले. लोबाचेव्हस्कींच्या भूमितीत हेच दोन बांबू उभे केले तर दोऱ्या तिथेही छेदतील, पण ६ हात हे उत्तर टिकणार नाही. बांबूंमधले अंतर सांगितल्याशिवाय तिथे उंची काढताच येत नाही, आणि अंतर वाढत जाईल तसतसा छेदनबिंदू जमिनीकडे खाली येत जातो.